शेवटचं स्टेशन वरोरा



या व्याख्यानाचा विषय कळवला तेव्हा संयोजकांनी शंका काढली होती. हिंगोली जिल्ह्यातल्या साखऱ्यात रेल्वे नाही, खाण तर नाहीच नाही, मग चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याच्या स्टेशनाची गोष्ट इथे कोण ऐकेल? शंका रास्त आहे. पण माझं म्हणणं असं की रेल्वेचा इतिहास नेहमी रेल्वे असलेल्या गावांतच सांगितला जातो, आणि म्हणून तो अर्धा राहतो. रूळ एका गावाकडे का वळले हे विचारलं, की दुसऱ्या गावाकडे का वळले नाहीत याचंही उत्तर द्यावं लागतं.

सुरुवात पायाखालून करू. तुमच्याकडे विहीर खणताना काळ्या मातीखाली मुरूम लागतो आणि मग सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा फत्तर लागतो. हा फत्तर म्हणजे सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून थिजलेला लाव्हा. जवळजवळ सगळा मराठवाडा आणि बहुतेक वऱ्हाड त्याच्याखाली झाकलेलं आहे. तुमची कापसाची काळी जमीन त्याच फत्तराची झीज होऊन तयार झाली. दगडी कोळसा याहून कितीतरी जुना, पंचवीस कोटी वर्षांच्याही पलीकडचा. तो ज्या थरांत आहे ते थर लाव्ह्याखाली गाडले गेले की माणसाच्या हाताला सहजी लागत नाहीत. पूर्वेला वर्धा नदीच्या खोऱ्यात, वणी, वरोरा, घुगुस या पट्ट्यात, हे लाव्ह्याचं पांघरूण संपतं आणि जुने थर उघडे पडतात. म्हणजे वरोरा हे काळी माती आणि काळा कोळसा यांच्या सीमेवरचं गाव. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज अधिकाऱ्याला नकाशावर याहून मोहक जागा सापडणं कठीण होतं.

नागपूरच्या भोसल्यांचं राज्य १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारस न ठेवता वारल्यावर डलहौसीने खालसा केलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली. या दोन घटनांचा संबंध तेव्हा कुणाला दिसला नसेल. तो दिसला पुढच्या दहा-बारा वर्षांत. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस बंद पडला, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी राहिल्या आणि साहेबाची नजर वऱ्हाड-नागपूरच्या कापसावर खिळली. हिंगणघाटचा कापूस मुंबईच्या बाजारात नावाजलेला होता. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी या मुलखाची बारकाईने पाहणी करवली. कापसासाठी तर खास कमिशनर नेमला गेला, त्याचं नाव रिव्हेट-कार्नॅक. या गृहस्थांच्या अहवालातली एक गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण रेल्वेने प्रगती आणली असं म्हणताना आपण ती विसरतो. त्यांनी मोकळेपणाने लिहिलं की या भागात रेल्वेचा फाटा आला तर विलायती कापड इथल्या विणकराच्या कापडापेक्षा स्वस्त पडेल, आणि मग मागावर बसलेली माणसं शेतमजुरीला मोकळी होऊन कापूस वाढेल. हे कुणा चळवळ्याचं आरोपपत्र नाही. सरकारी नोकराने आपल्या वरिष्ठांना आनंदाने दिलेली खबर आहे. कोष्ट्यांच्या आळ्यांतून पुढे काय झालं ते विदर्भातल्या कुठल्याही जुन्या पेठेत विचारा.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीची, म्हणजे जीआयपीची, गाडी १८६७ मध्ये नागपूरला पोचली. गाडी पोचली तरी इंजिनाच्या पोटाचं काय? मुंबईकडच्या इंजिनांना लागणारा कोळसा बव्हंशी विलायतेहून जहाजाने यायचा, नाहीतर लाकूड जाळायचं. बंगालचा कोळसा दूर. समुद्रावरून आलेला कोळसा घाट चढवून नागपूरपर्यंत न्यायचा म्हणजे इंजिनाने स्वतःची शिदोरी स्वतःच वाहायची. वर्धा खोऱ्यातल्या कोळशाची बातमी अशा वेळी आली. भूगर्भ खात्याने ती तपासली. त्या खात्याच्या ह्यूज या शास्त्रज्ञाचा या कोळसाक्षेत्रावरचा ग्रंथच १८७७ मध्ये प्रसिद्ध झाला. पण सरकार ग्रंथासाठी थांबलं नाही. १८७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच वरोऱ्याला सरकारी खाण सुरू झाली होती.

खाणीचा मालक सरकार, हे नीट ध्यानात घ्या. त्याआधी हिंदुस्थानातल्या रेल्वे खाजगी विलायती कंपन्यांच्या होत्या. त्यांना भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी होती. तोटा झाला तर भरपाई इथल्या रयतेच्या महसुलातून. एवढी हमी असल्यावर काटकसर कोण करणार? शेवटी १८६९ नंतर सरकारने ठरवलं की नवे मार्ग आपणच बांधावेत. व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या काळात ही 'स्टेट रेल्वे' सुरू झाली. खामगावचा आणि अमरावतीचा असे दोन छोटे फाटे हे त्यातले अगदी आरंभीचे, दोन्ही कापसासाठी. त्याच घराण्यातला पुढचा मार्ग वर्धा ते वरोरा, सुमारे पंचेचाळीस मैल, हिंगणघाटवरून जाणारा. दप्तरी नाव 'वर्धा कोल स्टेट रेल्वे'. १८७७ पर्यंत तो वरोऱ्याला पोचला आणि चालवायला जीआयपीकडे गेला.

आता एक तांत्रिक वाटणारी, पण आपल्या सगळ्यांच्या आयुष्याशी जोडलेली बाब. मेयोच्याच काळात, १८७० मध्ये, स्वस्तात रेल्वे व्हावी म्हणून मीटरगेज, म्हणजे आपली छोटी लाईन, स्वीकारली गेली. गरीब, विरळ मुलखांना छोटी लाईन असं धोरण होतं. मात्र वरोऱ्याचा मार्ग मोठ्या लाईनीचाच झाला. कारण उघड आहे. कोळसा जीआयपीच्या इंजिनांना हवा होता. वर्ध्याला रुंदी बदलली असती तर प्रत्येक वाघीण रिकामी करून कोळसा फावड्याने दुसऱ्या वाघिणीत भरावा लागला असता. हा कोळसा मुळात ठिसूळ, त्यात एवढी उलथापालथ झाली तर चुराच हाती यायचा. मराठवाड्याला मात्र छोटी लाईन मिळाली, आणि मनमाडला पिढ्यान्‌पिढ्या हमालांनी आपला कापूस, धान्य, गूळ एका गाडीतून दुसऱ्या गाडीत उचलून ठेवला. रुळांच्या रुंदीत सुद्धा कुणाची घाई महत्त्वाची आणि कुणाची नाही हे लिहिलेलं असतं.

खाणगावच्या स्टेशनाची मांडणी इतर स्टेशनांसारखी नसते. आपण स्टेशन म्हणजे फलाट, तिकीट खिडकी, मास्तरची खोली, पाण्याचा माठ असं समजतो. कोळशाच्या गावात खरं स्टेशन फलाटाच्या पलीकडे असतं. खाणीच्या तोंडाशी नेलेली साईडिंग, वाघिणींचं वजन करणारा काटा, मालधक्का, इंजिनाला पाणी देणारी टाकी. प्रवासी गाडी ही त्यावरची वरकड. आणि वरोरा तर शेवटचं स्टेशन होतं. रूळ इथे संपत. पुढे चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, मूलला, सिरोंच्याकडे जायचं तर बैलगाडी, छकडा किंवा पाय. म्हणून जंगलपट्टीचा आणि गाडीचा सांधा वरोऱ्याला जुळला. जवळपास तीस वर्षं चांदा जिल्ह्याचा बाहेरच्या जगाकडे उघडणारा दरवाजा या एका स्टेशनात होता.

त्या तीस वर्षांत वरोऱ्याच्या वाट्याला काय येऊ शकत होतं, याची गोष्ट मला सगळ्यात रंजक वाटते. जमशेटजी टाटांनी नागपूरला कापडगिरणी काढली. मुंबईच्या शेठजींना तो वेडेपणा वाटला होता, कारण गिरणी म्हणजे मुंबई असं समीकरण होतं. जमशेटजींचा हिशेब सरळ होता. कापूस जवळ, गिऱ्हाईक जवळ आणि वरोऱ्याचा कोळसा जवळ. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली त्याच दिवशी, एम्प्रेस मिल सुरू झाली.

पाच वर्षांनी, १८८२ मध्ये, फॉन श्वार्त्झ या जर्मन भूगर्भशास्त्रज्ञाचा अहवाल जमशेटजींच्या वाचनात आला. चांदा जिल्ह्यात लोहारा इथे उत्तम लोहखनिज आहे आणि वरोऱ्याचा कोळसा त्याच्या जवळ आहे, असं त्यात होतं. लोखंड आणि कोळसा एकाच जिल्ह्यात! जमशेटजींच्या डोक्यात पोलादाचा कारखाना शिरला तो इथे. त्यांनी वरोऱ्याचा कोळसा तपासणीसाठी जर्मनीला पाठवला. निकाल निराशेचा आला. या कोळशात ओल आणि राख जास्त, आणि त्याचा भट्टीला लागणारा कोक होत नाही. शिवाय तेव्हाच्या खाण-परवान्यांच्या अटी अशा जाचक की शहाण्या माणसाने पैसा घालू नये. बेत बारगळला, पण मेला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अटी सैल झाल्यावर टाटांची माणसं पुन्हा चांद्याच्या जंगलात हिंडली. पुढची कथा प्रसिद्ध आहे. दोराबजी टाटा नागपूरच्या सचिवालयात साहेबाची वाट पाहत होते. वेळ घालवायला ते समोरच्या संग्रहालयात शिरले आणि तिथल्या भूगर्भ-नकाशावर त्यांना दुर्ग जिल्ह्यातलं लोखंड दिसलं. पुढे प्रमथनाथ बोस यांच्या पत्राने मयूरभंजचा डोंगर पुढे आला आणि पोलादनगरी साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, उभी राहिली. वरोऱ्याच्या कोळशाचा कोक झाला असता तर? इतिहासात हा प्रश्न विचारू नये म्हणतात. मी विचारतो. मला वाटतं, तसं झालं असतं तर विदर्भाचा आजचा नकाशा ओळखू आला नसता, आणि आपल्या कितीतरी लोकांना पुण्या-मुंबईऐवजी वरोऱ्याचं तिकीट काढावं लागलं असतं.

या कोळशाचा आणखी एक दुर्गुण होता. हवा लागली की तो फुटतो, आणि ढीग करून ठेवला तर आतल्या आत तापून आपोआप पेट घेतो. वर्धा खोऱ्यातल्या खाणकामगारांना हे आजही कोणी शिकवावं लागत नाही. असा माल साठवता येत नाही, काढला की हलवावा लागतो. म्हणजे खाण आणि स्टेशन यांचं एकमेकांवाचून क्षणभरही चालत नाही. वाघिणी वेळेवर आल्या नाहीत तर माल पडून जळायचा, आणि माल निघाला नाही तर वाघिणी रिकाम्या उभ्या.

१९०६ मध्ये वरोऱ्याची सरकारी खाण बंद झाली.

गाव मेलं का? खाणगावांचा जगभरचा अनुभव असा की कोळसा संपला की रूळ गंजतात आणि माणसं पांगतात. वरोऱ्याचं तसं झालं नाही, आणि त्याचं श्रेय कुणाच्या दयाळूपणाला देण्याचं कारण नाही. सरकारला कोळसा पुढे बल्लारपूरला मिळाला होता, म्हणून १९०८ मध्ये मार्ग चांद्यावरून तिकडे वाढवला गेला. वरोरा शेवटचं स्टेशन होतं, ते वाटेवरचं झालं. गाड्यांनी तिथे मुक्काम करणं सोडलं. जंगलपट्टीचा व्यापार पुढे सरकला. मग निजामाच्या रेल्वेने काझीपेठहून उत्तरेकडे मार्ग आणला आणि १९२९च्या सुमारास तो बल्लारशाहला, म्हणजे बल्लारपूरच्याच स्टेशनाला, येऊन मिळाला. दिल्ली आणि मद्रास यांना जोडणारा सरळ रस्ता तयार झाला. ग्रँड ट्रंक एक्सप्रेस सुरू झाली ती त्याच वर्षी. पंचेचाळीस मैलांचा कोळशाचा फाटा अशा रीतीने देशाच्या कण्याचा एक मणका बनला. हे कुणीही आधी योजलेलं नव्हतं. ज्यांनी हा मार्ग आखला त्यांना मद्रास दिसत नव्हतं, त्यांना इंजिनाची भूक तेवढी दिसत होती.

याच मार्गावरच्या हिंगणघाटला १९१४ मध्ये मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजेच बाबा आमटे, यांचा जन्म झाला. ते वरोऱ्यात वकिली करू लागले, नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, सफाई कामगारांची संघटना बांधताना स्वतः मैल्याची पाटी डोक्यावर घेतली. त्यांच्याविषयी रेल्वेचा एक प्रसंग सांगतात. गाडीच्या डब्यात गोरे सोजीर एका तरुण स्त्रीची छेड काढत होते. डब्यातले सगळे खिडकीबाहेर बघत होते. हा वकील एकटा त्यांच्या अंगावर गेला आणि मार खाऊनही हटला नाही. ही हकिकत गांधीजींच्या कानावर गेली आणि त्यांनी 'अभयसाधक' हे नाव दिलं. पुढे बाबांनी वरोऱ्यालगत सरकारने दिलेल्या खडकाळ, झुडपी जमिनीवर कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन उभं केलं. महारोगी सेवा समिती १९४९ची, वसाहत त्यापाठोपाठची. इथे मला रेल्वेचीच एक विसंगती दिसते. १८९०च्या रेल्वे कायद्यात संसर्गजन्य रोग असलेल्या माणसाला गाडीत घ्यायला नकार देण्याची मुभा होती, आणि कुष्ठरोग्यांना तिचा जाच होत असे. ज्या स्टेशनात कोळशाच्या एकेका वाघिणीची वाट पाहिली जाई, त्याच्या जवळच डब्यातून उतरवल्या जाणाऱ्या माणसांचं गाव वसलं. आज बाहेरगावच्या माणसाला वरोरा म्हटलं की खाण आठवत नाही, आनंदवन आठवतं. टेंपलसाहेबांच्या योजनेत हे कुठेच नव्हतं.

आता हिंगोलीकडे येऊ, कारण तुम्ही त्याचीच वाट पाहताय हे मला दिसतंय.

हिंगोली ही हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी, १९०३ पर्यंत. निजामाच्या राज्यात मनमाड ते सिकंदराबाद हा गोदावरी खोऱ्यातला छोट्या लाईनीचा मार्ग १९००च्या सुमारास पुरा झाला, ऐन छप्पन्नच्या, म्हणजे संवत १९५६च्या, दुष्काळाच्या काळात. त्याचा पूर्णेहून निघालेला फाटा १९१२ मध्ये हिंगोलीला आला. इंजिनांना कोळसा कुठला? निजामाच्या रेल्वेला वरोऱ्याकडे पाहायची गरज नव्हती. तेलंगणात येलंदूला, आज ज्याला आपण सिंगरेणी म्हणतो त्या खाणींतून, १८८९ पासून कोळसा निघत होता, आणि तिथेही रूळ खाणीसाठीच गेले होते. म्हणजे हिंगोलीच्या पहिल्या गाडीच्या धुरातही एका खाणगावच्या स्टेशनाचा हिस्सा होता.

हिंगोलीला कोळसा नाही, मग गाडी का आली? कापसासाठी. आणि आली तशी तिथेच थांबली. वरोरा तीस वर्षं शेवटचं स्टेशन होतं, हिंगोली जवळजवळ पन्नास वर्षं. पलीकडे वाशीम, अकोला, म्हणजे इंग्रजांच्या ताब्यातलं वऱ्हाड. तिथल्या कापसाला जीआयपीची मोठी लाईन होती. मला वाटतं, दोन मालकांच्या हद्दीवर रूळ अडकले. तुमचा सेनगाव तालुका नेमका या हद्दीला लागून. रिसोडच्या बाजाराला जाणारा साखऱ्याचा माणूस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जायचा, नाणंही बदलायचं, हाली सिक्का इकडे आणि कलदार तिकडे. अशा कडेच्या मुलखात कोण रूळ टाकणार? कोळसा असता तर दोन्ही मालकांनी आठ दिवसांत तह केला असता.

स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्ये, जीआयपी आणि निजामाची रेल्वे दोन्ही मध्य रेल्वेत विलीन झाल्या. वरोरा आणि हिंगोली तेव्हा एका छताखाली आली, पंधराएक वर्षांपुरती. १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वे निघाली आणि निजामाच्या जुन्या मार्गांची वाट पुन्हा वेगळी झाली. दरम्यान हिंगोलीची लाईन अकोल्यावरून खांडव्याला जोडली गेली, पण छोटीच राहिली. पूर्णा ते अकोला मोठी लाईन व्हायला २००८ उजाडलं. वरोऱ्याला १८७७ मध्ये जे मिळालं ते हिंगोलीला मिळायला १३१ वर्षं लागली. मी मराठवाड्यावरच्या अन्यायाची रडगाथा गात नाही, ती गाणारे पुष्कळ आहेत. हिशेब मात्र तोंडपाठ असावा.

कोळशाचं म्हणाल तर तो वरोऱ्याला परत आला आहे. १९७०च्या दशकात खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, नागपूरला वेस्टर्न कोलफिल्ड्स स्थापन झाली, वर्धा खोऱ्यात उघड्या खाणी पसरल्या. वरोऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आता सहाशे मेगावॉटचं औष्णिक वीजकेंद्र आहे. ज्या राखेपायी टाटांनी तो कोळसा नाकारला, ती राख आता तिथेच साठते. वाघिणी आजही स्टेशनातून जातात, फक्त इंजिन कोळसा खात नाही, विजेवर चालतं, आणि ती वीज पुन्हा कोळशाचीच. मराठवाड्यात परळीचं वीजकेंद्र असंच रेल्वेने लांबून आणलेल्या कोळशावर चालतं. २०१३च्या दुष्काळात ते पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं होतं. कोळसा शेकडो मैलांवरून येऊ शकला, पाणी येऊ शकलं नाही. तुमच्या शेतातल्या पंपाला वीज रात्री मिळते, ती कुठून निघते याचा माग काढत गेलात तर कुठल्यातरी साईडिंगवर जाऊन पोचाल.

साखऱ्याला स्टेशन व्हावं का, असं सभेपूर्वी एका तरुण मित्राने विचारलं. जरूर मागा. पण मागताना अर्जात हळद, सोयाबीन, तूर किती पोती निघते तेही लिहा आणि शाळा-कॉलेजला, दवाखान्याला रोज किती माणसं हिंगोलीला जातात तेही लिहा. पहिला आकडा रेल्वेला नेहमीच कळत आला आहे. दुसरा तिला कळावा म्हणून लोकांना दरवेळी स्वतः जाऊन सांगावं लागलं आहे.

ज्यांना वरोरा पाहायचं आहे त्यांच्यासाठी: हिंगोलीहून पूर्णा, तिथून नांदेड, मुदखेड, किनवट, आदिलाबाद करत पिंपळखुटीवरून माजरीला जाता येतं. निजामाचा जुना मुलूख आणि कोळशाचा पट्टा आता रुळांनी जोडलेले आहेत. किनवटचं जंगल दिवसाउजेडी पाहायला मिळेल अशी गाडी धरा. माजरीला उतरलात की वरोरा पुढचंच स्टेशन. आनंदवन तिथून जवळ आहे, रिक्षा मिळते.